जमीन का खचते? बारामती-इंदापूरच्या निमित्ताने

(पाटबंधारे क्षेत्रात आयुष्य घालवलेल्या एका निवृत्त स्थापत्य अभियंत्याने बारामती येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



संयोजकांनी विषय कळवला तेव्हा मी त्यांना विचारले, जमीन खचण्याविषयी ऐकायला माणसे येतील का? ते म्हणाले, तुम्ही म्हसोबाच्या वाडीपासून सुरुवात करा, लोक ऐकतील. तेव्हा तिथूनच सुरुवात करतो.

ऑगस्ट २०२३चा पहिला आठवडा. आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात, म्हसोबाच्या वाडीत एका मोठ्या विहिरीच्या काँक्रीट रिंगचे काम चालू होते. विहीर शंभर फुटांहून अधिक खोल. काठाची माती आणि मुरूम कोसळला आणि चार मजूर त्याखाली गाडले गेले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले, पोकलेन लागले, दिवसरात्र माती उपसली गेली. काही दिवसांनी हाती आले ते चौघांचे मृतदेह. वर्तमानपत्रांतून चार दिवस छायाचित्रे आली, मग सारे शांत झाले. पण तशाच विहिरी आजही खोदल्या जात आहेत आणि तशाच रिंगा आजही बांधल्या जात आहेत. तुमच्यापैकी काहींच्या शेतात जुनी विहीर असेल, काहींच्या मनात नवी घ्यायचे असेल. म्हणून हा विषय महत्त्वाचा.

'जमीन खचली' असे आपण सरसकट म्हणतो, पण त्या दोन शब्दांखाली पाच-सहा निरनिराळे आजार दडलेले असतात. ताप आला म्हणजे हिवताप की विषमज्वर, हे पाहिल्याशिवाय वैद्य औषध देत नाही. इथेही तसेच आहे. २६ ऑगस्ट २०२२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे एक राहते घर पाहता पाहता जमिनीच्या पोटात गेले. त्या वस्तीखाली जुन्या कोळसा खाणीची पोकळी होती. खाणीतून कोळसा काढला, पोकळी राहिली, आधाराचे खांब कालांतराने झिजले आणि छत बसले. २० सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यात, बुधवार पेठेतील टपाल कार्यालयाच्या आवारात महापालिकेचा एक ट्रक मागच्या बाजूने उभाच्या उभा खड्ड्यात गेला. तिथे पूर्वी विहीर होती असे नंतर सांगण्यात आले. शहर वाढते तेव्हा विहिरी बुजवल्या जातात, त्यांवर फरश्या बसतात, आणि दोन पिढ्यांनंतर तिथे विहीर होती हे सांगणारा कोणी उरत नाही. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण डोंगराच्या चिखलाखाली गेले. दीडशेहून अधिक जीव गेले. ते भूस्खलन. तिथे जमीन खाली बसली नाही, उतारावरून वाहत आली. डोंगराळ भागाचा तो आजार आहे. आपल्या सपाट तालुक्यांत तो होत नाही.

मग आपल्याकडे काय होते? त्यासाठी थोडे जमिनीच्या आत जावे लागेल.

आपण उभे आहोत तो दख्खनचा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक. एक थर अभेद्य कातळ, दुसरा भोकाभोकांचा, ठिसूळ, मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. त्या कातळाच्या माथ्यावर झिजून झालेला मुरूम आणि त्यावर काळी माती. माळावर ती वीतभर असते, तर नीरेच्या आणि भीमेच्या काठी पुरुषभर, कधी त्याहूनही खोल. कातळ खचत नाही. खचते ते त्यावरचे पांघरूण.

या पांघरुणाचा स्वभाव आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होता. गावच्या जुन्या कागदपत्रांत दोन शब्द जोडीने येतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन, पांढरी म्हणजे गावठाण. 'पांढरी'चे लोक, 'पांढरी'ची देवता, असे शब्दप्रयोग आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहेत. जुने गावठाण उंचवट्यावर असे आणि नांगर काळीत चाले. राहण्याची जागा वेगळी आणि पिकवण्याची वेगळी ठेवण्यात पूर, ओल, चोरचिलटे असे सगळेच विचार असतील, पण काळीवर भिंत टिकत नाही हा अनुभवही त्यात खासच होता. आज आपण काय करतो? उसाचा फड मोडतो, बिगरशेती परवाना काढतो, गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडतो आणि त्या काळीवर दोन मजले चढवतो. ज्या मातीला आपण आई म्हणतो, तिला ओझे वाहायला लावण्यापूर्वी तिचा स्वभाव तरी विचारावा!

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे एक चिकणखनिज असते. त्याचे कण म्हणजे अतिपातळ पत्र्यांची चळत. पाणी मिळाले की ते पत्र्यांच्या मधे शिरते आणि चळत फुगते. पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात घालता येईल अशा भेगा पडतात त्या यामुळे. शेताला याने बिघडत नाही, उलट जमीन आपोआप उलथली जाते. पण त्याच मातीवर भिंत असेल तर? पावसाळ्यात भिंतीचा बाहेरचा काठ उचलला जातो, उन्हाळ्यात बसतो. घराच्या मधली माती मात्र फरशीखाली झाकलेली, ती तितकी हलत नाही. एक भाग हलतो आणि दुसरा हलत नाही, तिथे तडा जातो. सगळे घर सारखे बसले असते तर कोणाला कळलेही नसते. घर मोडते ते कमी-अधिक बसण्यामुळे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. नोकरीत असताना मी स्वतःचे घर बांधले. मी अभियंता, कालव्याच्या कामावर आयुष्य गेलेले, आणि घराच्या पायाला मात्र ठेकेदाराच्या शब्दावर साडेतीन फुटांवर थांबलो. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. श्रावणात ती मिटली. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, बरे झाले, गेली. मी मनात म्हटले, गेली नाही, पुढच्या वैशाखात येईल. आली. शोध घेतला तेव्हा दोन कारणे सापडली. न्हाणीघराचे सांडपाणी भिंतीच्या मुळाशी मुरत होते आणि दुसऱ्या बाजूला भिंतीपासून पाच-सहा हातांवर मीच हौसेने लावलेला कडुनिंब मातीतली ओल शोषत होता. एकीकडे माती फुगलेली, दुसरीकडे आकसलेली. सांडपाण्याची नळी बदलली, घराभोवती चार फूट रुंदीचा पक्का उताराचा कट्टा केला. झाड तोडवले नाही, पण त्या बाजूला खोल चर काढून आड-भिंत घातली. भेग तेव्हापासून वाढलेली नाही. माझे अज्ञान एवढ्या खर्चात निभावले.

काळीवर बांधायचेच असेल तर शास्त्र उपलब्ध आहे, आणि ते परदेशातून आणावे लागत नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने खास अशा मातीसाठी तळाशी फुगीर असलेल्या खांबांचा पाया विकसित केला. साधारण साडेतीन मीटर खाली ऋतूंचा परिणाम फारसा पोचत नाही. तिथवर खांब न्यायचा, त्याच्या बुंध्याशी खांबाच्या अडीचपट रुंदीचा गड्डा करायचा, म्हणजे माती फुगली तरी खांब वर उचलला जात नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दुसरा उपाय सिद्ध केला. न फुगणाऱ्या पण चिकट अशा मातीचा जाड थर काळीवर दाबून बसवला तर खालची माती फुगण्यापासून आवरली जाते. कर्नाटकातील मलप्रभा कालव्याच्या कामात तो वापरला गेला. चांगला चिकट मुरूम दाबून भरण्याची आपल्या गवंड्यांची पद्धत याच दिशेची, फक्त तो थर वीतभर न ठेवता मीटरभर ठेवावा लागतो. नेमकी तिथेच आपण काटकसर करतो.

आपल्या प्लॉटची माती किती फुगते हे घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत पाहता येते. वाळवून चाळलेली प्रत्येकी दहा ग्रॅम माती शंभर मिलिलिटरच्या दोन मोजपात्रांत घ्या. एकात रॉकेल आणि दुसऱ्यात शुद्ध केलेले पाणी ओता. ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि चोवीस तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलातल्यापेक्षा पाण्यातली माती दीडपट जागा व्यापत असेल तर सावध व्हा, दुप्पट व्यापत असेल तर पायाचे आरेखन जाणकाराकडूनच करून घ्या.

आता कालव्याकडे वळू. १८७६च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला. १८८५च्या सुमारास त्याचे पाणी वाहू लागले आणि या दुष्काळी पट्ट्याचे नशीब पालटले. ऊस आला, गूळ आला, पुढे वालचंदनगर उभे राहिले, सहकारी कारखाने आले. पण पाण्याबरोबर एक गोष्ट न बोलावता आली. कालव्याखालच्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या, क्षार वर येऊ लागले. हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. म्हणजे कालवा पंचवीस वर्षांचा होतो न होतो तोच! १९१६मध्ये मुंबई इलाख्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी खास विभाग काढला, क्लॉड इंग्लिस त्याचे काम पाहत. याच विभागातून पुढे खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत अनुसंधान शाळा वाढली. आपल्या दख्खनच्या कालव्यांच्या अडचणींतून एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली, हे आपल्याला क्वचितच कोणी सांगते.

पाणथळीचा आणि खचण्याचा संबंध काय? क्षारांत सोडियमचे प्रमाण वाढले की माती 'चोपण' होते. ओली असताना साबणासारखी बुळबुळीत, वाळली की दगड. चोपण मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत, पाण्यात विरघळल्यासारखे सुटे होतात. कुठेतरी पाण्याची बारीक धार लागली की ती कण घेऊन जाते, आत बोगदा होतो, वर सारे ठीकठाक दिसते, आणि एके दिवशी भराव बसतो. अशा मातीचे ढेकूळ पेल्यातील शुद्ध पाण्यात हलकेच सोडा. ते नुसते विस्कटले तर चिंता कमी. पण त्याभोवती दुधासारखा ढग पसरला आणि तो खाली बसेना, तर ती माती भरावाला नको.

मातीच्या भरावाचे खचणे काय करू शकते हे पुणे जिल्ह्याला १२ जुलै १९६१ रोजी कळले. पानशेतचे धरण अजून पुरते झाले नव्हते. पाणी सोडण्याच्या मार्गाच्या वरचा भराव बसत गेला, माथा खाली आला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, तरी धरण फुटले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत पाणी घुसले. त्याच कालव्याचे पाणी इंदापूरपर्यंत येते. उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी भराव पोखरला असे तेव्हा सांगितले गेले आणि त्यावर पुष्कळ विनोद झाले. विनोद जरूर करावेत. पण बिळातून भरावाला धार लागते, हे आमच्या खात्यातला कोणताही जुना कालवा-कारकून सांगेल. प्रश्न बिळाचा नसतो, बीळ कोणी पाहिले नाही याचा असतो. पूर्वी कालव्यावर चालत गस्त घालणारा माणूस असे.

आणि मग आपला स्वतःचा अनुभव. मे २०२५च्या अखेरीस अवकाळी म्हणावा की आगंतुक म्हणावा असा पाऊस झाला. पिंपळी-लिमटेकजवळ नीरा डावा कालवा फुटला, बारामतीत औद्योगिक वसाहतीच्या परिसरात काही इमारती खचल्या, बारामती आणि इंदापूरसाठी आपत्ती दलाची पथके बोलवावी लागली. मी त्या इमारतींच्या पायाविषयी काही बोलणार नाही, ते तपासणाऱ्यांचे काम. सर्वसाधारण तत्त्व एवढेच, की उन्हाळाभर कडक वाळलेल्या मातीला अचानक पोटभर पाणी मिळाले की तिची ताकद एकदम उतरते. वाळलेल्या मातीच्या कणांना आतली किंचितशी ओल एकमेकांकडे खेचून धरते. वाळूचा किल्ला ओलसर असतो तोवर उभा राहतो, लाट आली की बसतो. आपल्या पायाखालीही तोच नियम.

भूजल उपशाबद्दल दोन शब्द, कारण हा प्रश्न नेहमी येतो. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकिन खोऱ्यात १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन सुमारे नऊ मीटर खाली गेली. मेक्सिको शहर, जकार्ता, दिल्लीतील कापसहेडा, सर्वत्र कारण तेच, खोल गाळाच्या थरांतून पाणी उपसले आणि थर दबले. आपल्याकडे शेकडो मीटर गाळ नाही, खाली कातळ आहे. म्हणून बोअरवेलमुळे बारामती खचेल असे कोणी सांगितले तर घाबरू नका. बोअरमुळे आपण तहानलेले राहू, हा धोका मात्र खराच आहे.

खचणे वेळीच ओळखायचे कसे? आकाशातून ओळखण्याची विद्या आता आपल्या हाती आली आहे. उपग्रह रडारलहरी सोडतो, त्या जमिनीवरून परततात. काही दिवसांनी पुन्हा त्याच जागेवरून जाताना लहरींच्या लयीत फरक पडला, तर जमीन किती सरकली हे कळते. जोशीमठमध्ये २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत ५.४ सेंटीमीटर जमीन खचल्याचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने असेच टिपले. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासा यांचा 'निसार' श्रीहरिकोट्याहून उडाला. माळीणच्या बरोबर अकरा वर्षांनी, त्याच तारखेला. तो बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. त्याची एक लहर सुमारे २४ सेंटीमीटर लांबीची आहे आणि ती झाडोऱ्यातून आत जाऊ शकते. उसाच्या प्रदेशाला ही गोष्ट महत्त्वाची, कारण आखूड लहरींचा उसाच्या पाल्यात गोंधळ उडतो. पण उपग्रहाला तुमच्या विहिरीचा काठ दिसणार नाही. तो तुम्हालाच पाहायचा आहे.

विहिरीपाशी परत येतो. खोल विहिरीचा कोरडा काठ उभा राहतो म्हणून तो पक्का आहे असे वाटते. एक घनमीटर ओली माती दोन टनांच्या आसपास भरते. ज्या काठाला दहा-पंधरा मीटर उभा छेद दिला आहे तिथे शेजारच्या पाटाचे पाणी झिरपले, किंवा काठावरच खोदलेल्या मुरमाचा ढीग टाकला, किंवा पोकलेन उभे केले, तर तो केव्हा सुटेल हे सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. भरलेल्या विहिरीतले पाणी काठाला आतून टेकू देत असते. मोठे पंप लावून ते झपाट्याने उपसले, तर काठाची माती ओलीचिंब आणि टेकू मात्र गेलेला, अशी अवस्था होते. रिंग बांधण्यासाठी पाणी उपसून माणसे खाली उतरतात तीच ही वेळ. उजनीच्या फुगवट्याच्या काठी पाणी झपाट्याने उतरले की दरडी सुटतात, कारण तेच.

भारतीय मानकानुसार मातीत दीड मीटरपेक्षा खोल चर असेल तर आधार द्यावा लागतो. दीड मीटर म्हणजे तुमच्या-माझ्या खांद्याएवढे. मग शंभर फुटांचे काय? काठ टप्प्याटप्प्याने, पायऱ्यांसारखा मागे घेत खोदला पाहिजे. जागा जाते, खर्च वाढतो, मालक तयार होत नाही, हे मला ठाऊक आहे. तेवढी जागा नसेल तर विहिरीचा व्यास कमी करा. रिंगचे काम वरून खाली, थोडी उंची खोदायची आणि तेवढी बांधायची, अशा क्रमाने होऊ शकते. शंभर फूट उघडा काठ ठेवून तळापासून बांधत येणे सर्वांत धोक्याचे. मजूर खाली असताना काठापासून किमान विहिरीच्या निम्म्या खोलीइतक्या अंतरात कोणतेही यंत्र नको, ढीग नको. काठाला समांतर भेग दिसली, केसाएवढी का असेना, तर माणसे आधी वर, चर्चा नंतर. आणि दोराबरोबर वर चढण्याची शिडी दोन बाजूंना हवी.

दुर्दैवाने कोणी गाडले गेलेच, तर आपल्या तरुणांचा पहिला आवेग असतो उडी घेण्याचा. त्याने दुसरी दरड सुटते. काठावरची गर्दी मागे हटवा, वाहने बंद करा, पाण्याचा पाट वळवा, किती माणसे कोणत्या जागी होती हे बरोबरच्या मजुरांकडून ताबडतोब लिहून घ्या. दल येईल तेव्हा त्यांना सर्वांत आधी तेच लागते.

शेवटी घरातल्या भेगेचे. भेगेवर आडवी काचेची अरुंद पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा. भेग हलली तर काच तडकेल, हलली नाही तर भेग जुनी, तिच्यावर रंग मारला तरी चालेल. पट्टी एक पावसाळा आणि एक उन्हाळा राहू द्या. आणि तिच्याखाली भिंतीवर पेन्सिलीने तारीख लिहा. माझ्या घरी पहिल्या खेपेला मी ती लिहायला विसरलो होतो आणि काच केव्हा तडकली यावर घरात दोन दिवस वाद चालला.

आता तुमचे प्रश्न घेतो.